सोबतचे सर

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.
युवा नेतृत्व परिषदेला मुलांना घेऊन जायला मोठ्या बाईंनी माझी निवड केली. निवड हा शब्द मुद्दाम लिहितो. खेळाच्या सरांची कंबर धरली आहे, विज्ञानाच्या बाईंचं बाळ लहान आहे आणि गणिताच्या सरांनी तोंडावर नाही म्हटलं, हे सगळं खरं. पण त्या तिघांना आधी विचारायचं आणि मला शेवटी, यातच आमच्या मुख्याध्यापिका बाईंचं शहाणपण आहे. हुकमाचं पान शेवटीच टाकतात.

सतरा वर्षं भूगोल शिकवतोय. सतरा वर्षं वर्ग म्हणजे काय, तर नेतृत्वच. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं एवढंच.

घरी सांगितलं. ही म्हणाली, “मुलं मोजून न्या आणि मोजून आणा.” नेतृत्व म्हणजे मोजणी नव्हे हे तिला समजावणार होतो, पण तिने मिक्सर लावला.

आजपासून रोज पाचला उठणार. रोज वीस मिनिटं चालणार. या वहीत रोज लिहिणार आणि खरंच लिहिणार. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून इथे खोटं बोलायचं कारणच नाही.

४ नोव्हेंबर.
सव्वासातला उठलो. थंडी आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
मुलं तीन, तिन्ही माझ्याच नववीच्या वर्गातली. पहिला रेडिओ. हे वर्गाने ठेवलेलं नाव. बटण सापडत नाही म्हणून. दुसरी आमची मॉनिटर, जी चौथीपासून मॉनिटर आहे आणि बहुतेक निवृत्त होईपर्यंत राहील. तिसऱ्या मुलीला वर्ग म्यूट म्हणतो. मी वर्गात म्हणत नाही, इथे लिहायला सोपं जातं.

परिषदेत शेवटच्या दिवशी ‘खुला मंच’ आहे. प्रत्येक शाळेतून एकाने पाच मिनिटं बोलायचं. मी म्हटलं रेडिओ. मोठ्या बाई म्हणाल्या, रेडिओ रोजच बोलतो, म्यूट बोलेल. तिने निबंधाचं एक पान लिहून दिलंय म्हणे, ते त्यांना फार आवडलं.

पान वाचलं. तिच्या घरापाशी चौक आहे. तिथला सिग्नल वर्षभर बंद आहे. म्यूट रोज सकाळी लाल छत्री उघडून रस्त्यात उभी राहते आणि लहान मुलांना पलीकडे सोडते. छत्री का, तर गाडीवाले आपल्याला बघत नाहीत, छत्रीला बघतात. शेवटी लिहिलंय: “मी सगळ्यांच्या आधी रस्त्यात उतरते आणि सगळ्यांच्या नंतर निघते. त्यामुळे मला शाळेत तीन वेळा उशीर झाला.”

संपलं. हे भाषण? यात नेतृत्व कुठे आहे? यात छत्री आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार.
म्यूटचं भाषण दुरुस्त केलं. एका पानाची चार पानं झाली. सुरुवातीला गरुड, मधे दीपस्तंभ, शेवटी मशाल. छत्री एका वाक्यात ठेवली, तीही प्रतीक म्हणून. फार दिवसांनी लिहिताना हात थांबला नाही.

मधल्या सुट्टीत तिला दिलं. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि विचारलं, “सर, यात मी कुठे आहे?”

मी म्हटलं, “मशालीत.”

तिने मान हलवली. समजूतदार आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ, बसमध्ये.
सगळ्यांना सहाला शाळेच्या फाटकापाशी बोलावलं होतं. वेळ पाळणं ही पहिली पायरी, असं काल अर्धा तास सांगितलं होतं. मी सहा पस्तीसला पोचलो. कोट घालायचा की नाही यावरून घरी चर्चा झाली. मग कोट घातला, तर त्याचं बटण तुटलं, मग हिने शिवून दिलं. फाटकापाशी बस चालू ठेवून ड्रायव्हर उभा, तिन्ही मुलं रांगेत, मॉनिटरच्या हातात वही. तिने माझ्या नावापुढे वेळ लिहिली. ६.३५. खाली रेघ.

आपण नसताना टीम कशी वागते हे पाहणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे, असं मी त्यांना सांगितलं. रेडिओ म्हणाला, “मग सर, अजून दहा मिनिटं पाहायचं ना.” आगाऊ आहे.

म्यूटने मला खिडकीची जागा दिली. मी घेतली. मला बस लागते.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ, सव्वा पाच.
मोठं कॉलेज आहे. लांबलचक कॉरिडॉर, भिंतीभिंतीवर कागदाचे बाण. चाळीस शाळा आल्यात. मुलांना बॅज मिळाले: ‘प्रतिनिधी’. मला मिळाला: ‘सोबतचे’. नुसतं सोबतचे. सामान असतं तसं. टेबलावरच्या निळ्या टी-शर्टवाल्या मुलीकडून कोरा बॅज मागून घेतला आणि पेनाने ‘मार्गदर्शक’ लिहिलं. शाई जरा फुटली. लांबून ‘मागदशक’ दिसतं, पण लांबून कोण वाचतंय.

तिनेच खुल्या मंचाचा फॉर्म दिला. मुलाचं नाव, विषय, शिक्षकाची सही, चार वाजेपर्यंत याच टेबलावर आणून द्यायचा. मी तिथेच भरला, सही केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. म्यूटचं नाव आधी एकदा नीट विचारून घेऊ म्हटलं, स्पेलिंगमध्ये दोन ए आहेत की एक. तिला विचारलं. एक आहे. बरोबरच होतं. टेबल वीस पावलांवर होतं.

तेवढ्यात चहाच्या हॉलमध्ये एक साहेब भेटले. कुठल्याशा प्रशिक्षण संस्थेचे, राखाडी सूट. त्यांनी मला विचारलं, तुमच्या मते नेतृत्व म्हणजे काय? सतरा वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नव्हतं. मी सांगायला लागलो. साहेब एकदाही मधे बोलले नाहीत. मधे त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण ती मोठ्या माणसांची सवय असते.

बाहेर आलो तर चार चाळीस. टेबल घडी करून भिंतीला लावलेलं. निळ्या टी-शर्टवाली खुर्च्या रचत होती. म्हणाली, “यादी छपाईला गेली, सर. पण संयोजिका बाई वर बसल्यात, दुसऱ्या मजल्यावर. त्यांना सांगा ना, त्या घेतील. चांगल्या आहेत.”

मी जिन्यापर्यंत गेलो. मग विचार केला. वर जाऊन काय सांगायचं? की चाळीस मिनिटं उशीर झाला? का झाला? नियम म्हणजे नियम. बाकीच्या शाळांनी वेळ पाळली, त्यांच्यावर अन्याय नको. मी वशिला लावणारा माणूस नाही.

उद्या बघू.

१४ नोव्हेंबर. सव्वा सात, जेवणानंतर.
म्यूटला सांगितलं. म्हणजे तिला कळेल असं सांगितलं. यावेळी शाळा फार झाल्यात, संयोजकांनी काही नावं कापली, त्यात आपलं गेलं.

हातातलं केळं तिने ताटात ठेवलं. मग विचारलं, “तुम्ही बोललात का त्यांच्याशी, सर?”

“बोललो? भांडलो!”

हे दोन शब्द कसे आले मला माहीत नाही. आले ते इतक्या जोरात आले, की शेजारच्या टेबलावरचे सरही वळून बघायला लागले.

ती म्हणाली, “जाऊ दे सर. तुम्ही नका त्रास करून घेऊ.” आणि केळं मला दिलं.

खाल्लं. नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी अकरा.
घोटाळा.

सकाळच्या सत्राचा विषय ‘आवाज उठवा’. प्रशिक्षकाने सांगितलं, आजूबाजूला कुठे अन्याय दिसला तर गप्प बसू नका, माणसं जमवा, सह्या घ्या, जबाबदार माणसाला जाऊन भेटा. रेडिओ आणि मॉनिटर एकमेकांकडे बघायला लागले.

साडेदहाच्या चहाला मॉनिटरने वहीचं पान आखलं. ‘लहान शाळांची नावं का कापली?’ रेडिओ टेबलांमधून फिरला. मी त्याला कधीच इतका उपयोगी पाहिला नव्हता. वीस मिनिटांत त्र्याहत्तर सह्या. यातल्या निम्म्या शाळांना आपण लहान आहोत हे आजच कळलं असावं.

मी म्हटलं, अरे जाऊ द्या, मोठ्या मनाने सोडून द्या. मॉनिटर म्हणाली, “सर, काल तुम्ही एकटे भांडलात. आज आम्ही आहोत ना.” मग तिघं-चौघं म्हणाली, सर बोला, सर बोला. कुणीतरी खुर्ची पुढे केली.

मी खुर्चीवर चढलो. मी हे का केलं? पण बोललो मात्र चांगलं. व्यवस्था, पारदर्शकता, सामान्य मुलाचा आवाज. टाळ्या पडल्या. दोन मिनिटं तर मलाही संयोजकांचा राग आला.

म्यूट मागे उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणीतरी आपल्यासाठी एवढं करतंय म्हणून.

बारा वाजता भेट ठरली आहे. मी, रेडिओ, मॉनिटर, म्यूट.

काहीतरी होईल. संयोजिका बाई भेटणारच नाहीत कदाचित.

१५ नोव्हेंबर. दीड. जिन्यात.
भेटल्या.

१५ नोव्हेंबर. साडेतीन.
मघाशी एका शब्दावर थांबलो. आता लिहितो.

लहानशी खोली. संयोजिका बाई साठीच्या, केसांत पेन्सिल खोचलेली. चौघांनाही खुर्च्या दिल्या. मॉनिटरने सह्यांचं पान दिलं. बाईंनी ते शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, “छान केलंत. विचारायलाच हवं.” मग कपाटातून फाइल काढली आणि एकेक पान आमच्यासमोर उलटलं. “आम्ही एकही नाव कापलेलं नाही. जेवढे फॉर्म आले तेवढी मुलं बोलणार. तुमच्या शाळेचा फॉर्म आलाच नाही.”

रेडिओने माझ्याकडे पाहिलं. मॉनिटरने पाहिलं. खोलीत पंखा नव्हता, तरी कसलातरी आवाज येत होता.

बाई मला म्हणाल्या, “सर, फॉर्म तुमच्याकडे दिला होता ना?”

एवढंच म्हणायचं होतं: हो, माझ्याकडे राहिला. पाच शब्द सुद्धा नाहीत. कोटाच्या आतल्या खिशात होता, छातीला टोचत होता.

मी म्हटलं, “मी हिच्याकडे दिला होता. द्यायला सांगितलं होतं.”

आणि बोटाने दाखवलं. बोट दाखवलं मी. वर्गात कोण बोलतंय हे दाखवतात तसं.

म्यूट माझ्याकडे वळली. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. मग बाईंना म्हणाली, “हो. माझ्याकडून राहिला.”

इतकं स्पष्ट ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, काही हरकत नाही बाळ, होतं असं, उद्या तुला शेवटी दोन मिनिटं देऊ का? ती म्हणाली, “नको. थँक यू.”

जिना उतरताना रेडिओने त्र्याहत्तर सह्यांचं पान चार घड्या करून खिशात घातलं. आता प्रत्येक टेबलावर जाऊन सांगायला लागेल, म्हणाला, की आपलंच चुकलं. आणि तो गेला. म्यूट त्याच्याबरोबर गेली. टेबलाटेबलाशी उभं राहून ‘माझ्याकडून राहिला’ म्हणत होती. मी खांबाआडून पाहिलं. एका टेबलावरची मुलं हसली.

१५ नोव्हेंबर. संध्याकाळ, सहा.
शांत डोक्याने विचार केला. एका अर्थाने फॉर्म मी तिला दिलाच होता. स्पेलिंग विचारायला गेलो तेव्हा फॉर्म माझ्या हातात होता, तिने तो पाहिला, म्हणजे तिला माहीत होतं की फॉर्म आहे आणि द्यायचा आहे. तिने ‘सर, दिलात का?’ असं विचारायला काय हरकत होती? जबाबदारी घेणं हेच तर इथे शिकवतात. तिने ती घेतली. या दृष्टीने पाहिलं तर तिला परिषदेचा सगळ्यात जास्त फायदा झाला.

वरचं सगळं पुन्हा वाचलं.

जेवायला गेलो नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. परतीच्या बसमध्ये.
खुला मंच झाला. एकोणचाळीस मुलं बोलली. पाच गरुड, सात दीपस्तंभ. मशाली मोजल्या नाहीत. एकाही भाषणात छत्री नव्हती.

परतताना बसमध्ये कुणी बोलत नाही. रेडिओसुद्धा खिडकीला डोकं टेकवून बसलाय. मॉनिटर मागच्या सीटवर. म्यूट मधे एकटी. तिच्यावर रागावलेत हे उघड आहे. बिचारी.

बस थांबली तेव्हा मी रेडिओला आणि मॉनिटरला बाजूला घेतलं. शिक्षक म्हणून माझं ते काम होतं. म्हटलं, चूक कुणाकडूनही होते, मनात ठेवू नये, माफ करायला शिका. मॉनिटरने विचारलं, “कुणाला, सर?”

म्हटलं, “हिला.”

रेडिओने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मॉनिटर त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

मुलं मोजली. तीन. बरोबर.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
मोठ्या बाईंनी अहवाल मागितला. तीन पानं दिली. त्या एका ठिकाणी असं लिहिलं: ‘काही कारणाने फॉर्म वेळेत पोहोचू शकला नाही.’ वाक्य बरोबर आहे. फॉर्म पोहोचू शकला नाही. त्याला पाय नाहीत.

उद्या बाईंना प्रत्यक्ष सांगणार. असल्या गोष्टी कागदावर नसतात सांगायच्या.

१८ नोव्हेंबर.
बाईंकडे पालक बसले होते.

१९ नोव्हेंबर.
बाई मोकळ्या होत्या. पण मला तास होता. म्हणजे पुढचा तास होता. अर्ध्या तासाने.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
बाईंनी नकाशे न्यायला ऑफिसात बोलावलं. मी कपाटाशी होतो तेव्हाच त्यांनी म्यूटलाही बोलावलं. कुठूनतरी त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाल्या, “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी सगळ्यांचं ऐकलं नाही आणि तुझं नाव दिलं. साधा एक कागद देता आला नाही तुला?”

ती खाली बघत म्हणाली, “सॉरी, बाई.”

“वाचनालयाची किल्ली मॉनिटरकडे दे. काही दिवस नको तुझ्याकडे.”

तिने दप्तरातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. दोन वर्षं होती तिच्याकडे. लोकरीचं लहानसं फूल बांधलेलं होतं किल्लीला, ते सोडवायला तिला वेळ लागला. गाठ बसली होती. बाई थांबल्या. मीही थांबलो, काखेत गुंडाळलेलं जग घेऊन.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, साहेबांपासून. ही भाजी निवडत होती. शेवटी विचारलं, “किती वर्षांची आहे ती?”

म्हटलं चौदा.

ही उठून आत गेली. निवडायची भाजी तशीच राहिली. मी निवडली.

तिला मी या वहीत म्यूट लिहितो. आजपासून लिहिणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
तिघांना मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत बोलावलं. काय बोलायचं ते दोन पानं लिहून नेलं होतं. माणूस, मोह, दुर्बल क्षण वगैरे. ती समोर येऊन उभी राहिली आणि कागद वाचता येईना.

म्हटलं, “फॉर्म माझ्या खिशात होता. मी उशीर केला. हिला कधीच दिला नव्हता.”

वाटलं होतं, रेडिओ ओरडेल. मॉनिटर रडेल. कुणी काही केलं नाही.

मॉनिटर म्हणाली, “माहीत आहे, सर.”

मी विचारलं, कधीपासून?

रेडिओने सांगितलं. शनिवारी संध्याकाळीच. ती दोघं टेबलांवर माफी मागत फिरत होती तेव्हा निळ्या टी-शर्टवाली भेटली. ती सहज म्हणाली, अरे, काल तुमचे सर आले होते ना चार चाळीसला फॉर्म घेऊन, मी त्यांना वर जायला सांगितलं होतं, गेले नाहीत का? रेडिओ तिथूनच संयोजिका बाईंकडे निघाला होता. हिनेच त्याला अडवलं. शपथ घातली.

म्हणजे बसमध्ये कुणी तिच्यावर रागावलं नव्हतं. ती तिघं माझ्यावरच गप्प होती. आणि मी त्यांना उतरवून माफीवर बोललो.

“मग तुम्ही मला बोलला का नाहीत?”

मॉनिटर म्हणाली, “आम्हाला वाटलं तुम्ही आज सांगाल. रोज वाटायचं.”

मग मी तिला विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. त्या खोलीत तू ‘हो’ का म्हणालीस?

तिने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “तुमचा चेहरा बघवेना, सर.”

आणि लगेच म्हणाली, “सॉरी.”

घंटा झाली. तिघं गेली. मी पुढचा तास घेतला. वारे कसे वाहतात ते सांगितलं. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
आठ वाजता, बाई कुलूप उघडत होत्या तेव्हाच सांगितलं. दारातच. आत जाऊन बसलो असतो तर पुन्हा काहीतरी सुचलं असतं.

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. विचारलं, “अजून कुणाला माहीत आहे?”

म्हटलं, तिन्ही मुलांना.

“म्हणजे ज्यांना माहीत व्हायला नको होतं त्यांना आधी, आणि मला शेवटी.” मग म्हणाल्या, “मी त्या पोरीला किल्ली मागितली, सर. तुम्ही तिथे उभे होतात.”

मी म्हटलं हो.

“मी तिची माफी आजच मागते. माझी माझ्यापुरती. तुमचं तुम्ही बघा.”

मी म्हटलं, सोमवारी असेंब्लीत सांगतो. सगळ्या शाळेसमोर. बाईंनी मान वर करून पाहिलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, एवढं नको. त्या म्हणाल्या, “दोन मिनिटांत सांगा. भाषण नको.”

सुट्टीत तिला सांगितलं की सोमवारी सांगणार आहे. आणि म्हटलं, तुझं ते एक पान, तुझं स्वतःचं, छत्रीचं, ते त्याच वेळी वाच, मी बाईंशी बोलतो. ती म्हणाली, “नको सर. ते तिथे बोलायचं होतं.”

किल्ली तिच्या हातात होती. फूल पुन्हा बांधलेलं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
सांगितलं.

सहा वाक्यं पाठ केली होती. मला दिलेला फॉर्म मी दिला नाही. उशीर माझा होता. मुलांशी खोटं बोललो. मग मोठ्यांसमोर खोटं बोललो. दोष एका विद्यार्थिनीवर टाकला. तिची काहीही चूक नव्हती. माइक चौथीच्या मुलांसाठी खाली केलेला होता, तो वर करायचं सुचलं नाही, वाकूनच बोललो. चौथ्या वाक्याला आवाज गेला, पुन्हा म्हणावं लागलं. त्यामुळे ‘मोठ्यांसमोर खोटं बोललो’ हे दोनदा झालं.

काही झालं नाही. लहान वर्गांना कळलं नाही. आठवीची रांग भलत्याच कशाला तरी हसत होती. खेळाच्या सरांनी मान फिरवली, कमरेवर हात ठेवून. मी खाली उतरलो आणि विज्ञानाच्या बाईंनी माइक घेऊन सांगितलं, निळ्या झाकणाची पाण्याची बाटली सापडली आहे, ज्याची असेल त्याने न्यावी.

मी नववीच्या रांगेकडे पाहिलं. मॉनिटर होती. रेडिओ होता. दोघांच्या मधे एक जागा होती, त्यांनी ती भरून काढली नव्हती.

ती आज आली नाही.

बोलण्याआधी मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर उद्यावर ढकललं असतं का? ढकललं असतं.

घरी हिने विचारलं, कसं झालं? म्हटलं, झालं. तिने चहा ठेवला. दोन कप. गुरुवारनंतर पहिल्यांदा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
पहिल्या तासाआधी ती टेबलाशी आली, कालच्या गैरहजेरीची चिठ्ठी घेऊन. अक्षर तिचं, खाली वडिलांची सही. कारण: पोटदुखी.

मी म्हटलं, “काल असेंब्लीत मी...”

“मॉनिटरने सांगितलं, सर. सगळं सांगितलं.”

“बरं.” मग विचारलं, “पोट कसं आहे आता?”

तिने आजूबाजूला पाहिलं. वर्ग अजून भरत होता, बाकं सरकत होती, रेडिओ मागे कुणाला तरी काहीतरी सांगत होता.

“दुखत नव्हतं, सर,” ती म्हणाली.

मग ती सहीसाठी थांबली. नजर चिठ्ठीवरच होती, वर केली नाही. माझ्यासाठी हे तिचं दुसरं खोटं. मी पेनाचं टोपण काढलं आणि खाली सही केली.